सीट नव्हे, सीटखालचं बघा: जुन्या ट्रॅक्टरच्या सीटचा मूळ रंग कसा शोधायचा

निपाणीजवळच्या आमच्या गावात तात्यांचा ट्रॅक्टर कित्येक वर्षं गोठ्याच्या कडेला पत्र्याखाली उभा होता. गेल्या उन्हाळ्यात तो पुन्हा होता तसा करायचं ठरलं. इंजिन झालं, बॉनेट आणि मडगार्डचे पोचे निघाले, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाली. बॉनेट लाल होतं याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मग पेंटरने सीट उचलून विचारलं, "हिला कुठला मारू?" आणि घरात वाद सुरू झाला. तात्या म्हणाले काळा. काकींना निळा आठवत होता, कारण लग्न होऊन आल्या तेव्हा त्या निळ्या सीटवरच तात्यांना पहिल्यांदा नांगरताना बघितलं होतं. चुलतभावाचं म्हणणं, बॉनेट लाल तर सीटही लाल. मी खरवडायला बसलो तेव्हा तात्या म्हणाले, "काय शोधालास रे एवढं? बसायची सीट हाय, काळी कर न् सोड."

मी सोडलं नाही, आणि त्या नादात जे शिकलो ते इथे लिहितो आहे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, येळ्ळूर, कुठेही जा, दर दोन-तीन गावांत एखादा जुना ट्रॅक्टर गोठ्यात नाहीतर शेताच्या बांधावर उभा दिसतो. नवी पिढी तो पुन्हा उभा करायला बघते आणि सीटपाशी येऊन अडते.

अडण्याचं कारण साधं आहे. ट्रॅक्टरचा सर्वांत जास्त झिजणारा आणि सर्वांत आधी बदलला जाणारा भाग म्हणजे सीट. ऊन थेट तिच्यावर, पाऊस तिच्यावर, घाम आणि डिझेलचे हात तिच्यावर. रेक्झिन फाटलं की कुणी कंपनीचं मागवत बसत नाही, बाजारातल्या गादीवाल्याकडे असेल ते शिवून घेतात. त्यात आपल्याकडे खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा होते, आणि पूजेच्या आदल्या आठवड्यात पुष्कळ घरांत ब्रश बाहेर निघतो. कर्नाटकी बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला डबाही शेवटी सीटवरच रिकामा होतो, कारण ती लहान असते, पाच मिनिटांत रंगून होते. बॉनेटवर दोन थर असतील तर सीटवर सहा निघतात. आमच्या तिघांच्या आठवणी म्हणूनच खोट्या नव्हत्या. प्रत्येकाला आपापल्या वर्षांतला थर आठवत होता.

आधी सीट कुठल्या जातीची ते बघायचं. जुन्या ट्रॅक्टरांवर दोन प्रकार सापडतात. एक पत्र्याची, खोलगट, बसायच्या आकाराला दाबून काढलेली आणि खाली एका पाट्यावर, म्हणजे लोखंडी पट्टीवर, बसवलेली. पाणी निथळावं म्हणून तिला भोकं असतात. दुसरी गादीची: खाली पत्रा किंवा प्लायवूड, वर काथ्या, नमदा किंवा फोम, त्यावर रेक्झिन. पहिलीत रंगाचा प्रश्न पेंटचा असतो, दुसरीत कापडाचा. दोन्हींची तपासणी अगदी वेगळी.

त्यानंतर ट्रॅक्टरचं वर्ष. मॉडेल कळलं म्हणजे रंग कळला, असं पुष्कळांना वाटतं आणि इथेच घात होतो. आपल्या देशात १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रॅक्टर बाहेरूनच येत. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरने भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर काढला, १९६०च्या दशकात मद्रासला टॅफे आणि मुंबईला महिंद्राची इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरची कंपनी उभी राहिली, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पिंजोरला एचएमटीचे झेटर पद्धतीचे ट्रॅक्टर सुरू झाले. या बहुतेकांची मुळं ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया अशा देशांत. त्या मूळ कंपन्याच मधल्या काळात रंग बदलत होत्या.

फर्ग्युसनचा टीई२० बघा. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत तो तयार झाला, पाच लाखांहून जास्त. सगळा करडा, पत्र्याच्या सीटसकट. त्याच्या जागी १९५६ मध्ये आलेला ३५ नंबरचा फर्ग्युसन करडा आणि सोनेरी: पत्रा करडा, इंजिन-गिअरबॉक्स सोनेरी झाक असलेलं. वर्षभरातच, १९५७च्या शेवटी, तोच ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन नावाने लाल-करडा झाला. यंत्र जवळपास तेच, रंग पूर्ण वेगळे. फोर्डसनची गोष्ट तर आणखी नाट्यमय. त्यांचा मॉडेल एन १९३०च्या दशकात आधी निळा, मग १९३७ पासून नारिंगी. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर शेतात उभा नारिंगी ट्रॅक्टर शत्रूच्या विमानातून उठून दिसेल म्हणून तो हिरवा केला. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे फार्मॉल १९३६च्या नोव्हेंबरपर्यंत करडे होते, तिथून पुढे लाल.

म्हणजे "फलाणा ट्रॅक्टर लालच असतो" हे वाक्य वर्ष सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. पाटीवरचा सिरियल नंबर, चासी नंबर, आरसी बुकातला बनावटीचा महिना आणि वर्ष, हे आधी कागदावर उतरवून घ्या. आरसी बुकात रंगाचाही रकाना असतो, पण तो गाडीचा, सीटचा नव्हे. शिवाय आपल्या भागात कोल्हापूरकडून घेतलेले एमएच ०९चे ट्रॅक्टर केए २२ किंवा केए २३ मध्ये पुन्हा नोंदवलेले असतात. अशा वेळी नोंद करताना समोर जो रंग दिसला तो लिहिला गेलेला असण्याची शक्यता धरूनच चालावं.

खरा पुरावा लोखंडावर असतो

पत्र्याच्या सीटची वरची बाजू तपासण्यात वेळ घालवू नका. तिथे माणसं बसून बसून मूळ थर कधीच गेलेला असतो. सीट उलटी करा. खालच्या बाजूला पाटा जिथे टेकतो तिथला बोल्ट काढा आणि वॉशर उचला. कारखान्यात सीट आधी रंगून मग बसवली असेल, तर वॉशरखाली एक गोल चकती जशीच्या तशी राहिलेली असते. तिला ऊन लागलेलं नसतं, ब्रशही लागलेला नसतो. भोकांच्या आतल्या कडाही बघा. कारखान्याचा फवारा तिथे पातळ आणि सारखा बसतो. घरी ब्रशने मारलेला रंग भोकाच्या काठाला जाड गोठतो, कधी भोक अर्धं बुजवतो. एवढ्यावरूनसुद्धा कुठला थर नंतरचा ते कळायला लागतं.

आता थर उलगडायचे. खरवडणीने नाही, त्याने सगळे थर एकदम निघतात. चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एका ठिकाणी रुपयाच्या नाण्याएवढा गोल घासायचा, मग सहाशे, मग हजार. मध्ये जास्त, कडेला कमी. थोड्या वेळात झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी रंगांची वर्तुळं दिसू लागतात: बाहेर सगळ्यांत नवा रंग, आत जुने, मधोमध उघडं लोखंड. थराची जाडी केसाएवढीही नसते, पण असा तिरका उतार दिला की तोच थर रुंद पट्टा होऊन डोळ्यांना दिसतो. मोबाईलने फोटो काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.

वर्तुळ वाचताना पहिला प्रश्न: लोखंडाला चिकटून काय आहे? तांबडा-विटकरी, अगदी निस्तेज थर असेल तर तो बहुधा रेड ऑक्साईड प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारायचं अस्तर. काही कारखाने करडा प्रायमरही मारत, आणि तोच मूळ रंग समजून पुष्कळजण फसतात. प्रायमरला चमक नसते, ओल्या बोटाने घासलं तरी तो खडूसारखा मुकाच राहतो. त्याच्या लगेच वरचा चमकदार थर हा मूळ रंगाचा पहिला दावेदार. दुसरा प्रश्न: दोन थरांच्या मध्ये काय आहे? मूळ रंग आणि प्रायमर यांच्यामध्ये घाण नसते. नंतरच्या रंगाखाली मात्र गंजाचे ठिपके, ग्रीसची काळी रेघ, धूळ, कधी लांबी सापडते. गंजावर बसलेला रंग कारखान्याचा असूच शकत नाही, हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा नियम.

पांढरा थर दिसला तर घाईने त्याला अस्तर म्हणू नका. १९५० मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने अमेरिकेत प्रात्यक्षिकांसाठी लहान फार्मॉल मुद्दाम पांढरे रंगवून काढले होते, आणि त्यांतले पुष्कळ विक्रीआधी लाल केले गेले. तिकडचे संग्राहक आजही लालखाली पांढरा सापडला की जपून घासतात. आपल्याकडे असा ट्रॅक्टर मिळणं अवघड, पण थर फेकून देण्याआधी तो का आहे हे विचारायची सवय त्यावरून लागते.

थिनरची परीक्षाही करता येते. पांढऱ्या फडक्यावर थोडा थिनर घेऊन लपलेल्या जागी हलकेच टेकवा. ड्यूकोसारखा जुना सेल्युलोज रंग लगेच विरघळून फडक्याला लागतो. ऑईल पेंट विरघळण्याऐवजी सुरकुततो, फुगतो. अलीकडचा हार्डनर घालून मारलेला रंग ढिम्म हलत नाही. म्हणजे तुमच्या सीटवरचा "जुना" लाल थिनरला दाद देत नसेल, तर तो बहुधा पन्नास वर्षांपूर्वीचा नाही. ग्रीस काढायला मात्र थिनर वापरू नका, घासलेट किंवा डिझेल पुरेसं. ग्रीसखालचा रंग फार चांगला टिकतो, तो आपल्याच हाताने धुऊन टाकायचा नाही.

आणि इथे मला थांबून कळकळीने सांगायचं आहे. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत, शिसं असतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७च्या नोव्हेंबरात, म्हणजे अगदी काल-परवा. तेव्हा कोरडा पेपर मारू नका, ग्राइंडरला ब्रश लावून धूळ उडवू नका. ओलं घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक पसरा, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका. अंगणात खेळणाऱ्या पोरांना त्या दिवशी लांबच ठेवा. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि झालेली इजा भरून येत नाही.

रेक्झिनची गादी

गादीच्या सीटचं कोडं शिवणीत सुटतं. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचं नाव: मँचेस्टरजवळच्या हाइड गावात सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा रंगीत लेप देऊन ते नकली चामडं बनायचं. पुढे त्याची जागा पीव्हीसीच्या लेपाने घेतली आणि नाव तेच राहिलं. फार जुनं रेक्झिन म्हातारं झालं की वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या बारीक भेगा पडतात आणि लेप कापडावरून खपल्यांनी सुटतो. पीव्हीसीमधलं मऊ ठेवणारं तेल हळूहळू बाहेर येतं, म्हणून ते आधी चिकट होतं, मग कडक होऊन दुमडीवर फाटतं. खरं-खोटं करायला तुकडा जाळून बघू नका. नायट्रोसेल्युलोज भडकन पेटतं, आणि पीव्हीसीचा धूर छातीला वाईट.

वरचा रंग बघून काहीच ठरवू नका. उन्हाने लाल फिकट गुलाबी होतो, आणि तेला-मळाने कुठलाही गडद रंग काळा दिसतो. गादी उलटी करा, कडेचे खिळे एक-दोन उपसा, आत दुमडलेली पट्टी उघडा. शिवणीच्या आत गेलेला काठ, पाइपिंगच्या, म्हणजे शिवणीवरच्या दोरीसारख्या किनारीच्या, खालची रेघ, खिळ्याच्या टोपीखालचा ठिपका, इथे मूळ रंग ताजा असतो. पाइपिंग वेगळ्या रंगाचं आहे का, हेही तिथेच कळतं. आतलं भरणही बोलतं. काथ्या किंवा नमदा असेल तर गादी जुनी असण्याची शक्यता वाढते. पिवळट स्पंज आणि स्टेपलच्या पिना निघाल्या तर ती गादी कधीतरी नव्याने भरली आहे.

चांगला गादीवाला या कामात फार मदतीचा असतो. आमच्याकडच्या कारागिराने नुसती शिवण बघून सांगितलं, की दोन जुन्या भोकांच्या रांगा आहेत, म्हणजे हे कव्हर एकदा उसवून पुन्हा शिवलंय. मला ते दिसलंही नसतं.

आमच्या सीटचं काय झालं

पत्र्याच्या सीटवर मी वर्तुळ घासलं तर काळा, निळा, लाल, असे सगळ्यांच्या आठवणीतले थर ओळीने निघाले. काकी निळ्यावर ठाम होत्या, त्यांची आठवण खरी निघाली. वॉशरखाली मात्र स्वच्छ करडा, त्याखाली प्रायमर, मध्ये घाण नाही. मी जिंकल्यासारखा घरभर सांगत सुटलो की मूळ रंग करडा.

दोन दिवसांनी पेंटरने सीट बसवायला घेतली आणि त्याच्या लक्षात आलं, पाट्याची भोकं आणि सीटची भोकं मुळात जुळतच नाहीत. सीटची भोकं कानशीने लांब केलेली होती. म्हणजे करडा हा त्या सीटचा मूळ रंग होता, आमच्या ट्रॅक्टरचा नव्हता. ती सीट कधीतरी दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आली होती. तात्यांना विचारल्यावर आठवलं, एका तंबाखूच्या हंगामात जुनी मोडली तेव्हा भंगारातून एक आणली होती.

पेंट कितीही बारकाईने वाचला तरी सीट त्याच ट्रॅक्टरची आहे का, हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि तो मी विचारलाच नव्हता. भोकांचं अंतर मोजा. पाट्यावर जुन्या सीटच्या कडेने उठलेली चकचकीत खूण बघा, ती तुमच्या सीटच्या कडेशी जुळते का? वेल्डिंगचे नवे टाके आहेत का? पाटा आणि खालचा कंस यांचा रंग बहुधा चासीबरोबर जातो, सीटचा पत्रा बहुधा बॉनेट-मडगार्डबरोबर. दोन्हींचे थर वेगवेगळे वाचून मग एकमेकांसमोर ठेवायचे.

मग आम्ही फोटोंकडे वळलो. आत्याच्या लग्नाच्या कृष्णधवल फोटोत मागे ट्रॅक्टर उभा आहे. कृष्णधवल फोटोवरून रंग सांगता येत नाही. लाल आणि हिरवा त्यात जवळजवळ सारखे करडे दिसू शकतात. पण सीट मडगार्डपेक्षा उजळ की गडद, पत्र्याची की गादीची, काठाला फिकट पाइपिंग आहे का, एवढं कळतं. आमच्या फोटोत ती चक्क पाठीला टेकू असलेली गादीची सीट होती. रंगीत फोटोत वेगळीच अडचण असते: जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा फोटो तांबूस होतो. अशा वेळी त्यातलं धोतर किंवा गांधी टोपी बघा. ती तांबूस दिसत असेल तर सीटच्या रंगातूनही तेवढा तांबूसपणा मनाने वजा करायला हवा. कंपनीची जुनी जाहिरातपत्रकं मिळाली तर उत्तमच, पण त्यांतली चित्रं पुष्कळदा हाताने रंग सुधारून छापलेली असायची, हे लक्षात ठेवून बघा.

गादी शेवटी सापडली ती गुऱ्हाळाच्या खोपीत. चुलाण्यापुढे बसायला कुणीतरी नेऊन ठेवली होती, मळाने आणि धुराने काळी ठिक्कर. टेकू गेलेला, पण खालचं प्लायवूड शाबूत, आणि भोकं पाट्याशी बरोबर जुळली. काठाचे खिळे काढून पट्टी उघडली तर आत गडद तपकिरी, चिंचोक्यासारखा रंग. काळा, निळा, लाल, करडा, चौघांपैकी एकही नाही.

रंग जुळवताना आधी तो भाग साफ करून थोडं रबिंग कंपाऊंड फिरवा, नाहीतर वरचा खडूसारखा निर्जीव थरच जुळवून याल. जुळणी दिवसाच्या उजेडात करा, सकाळी सावलीत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असतात. बेळगावातल्या मोठ्या रंगाच्या दुकानांत यंत्राने छटा वाचून देतात, त्यासाठी नाण्याएवढा सपाट, स्वच्छ भाग लागतो. दुकानदाराशी बोलताना भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ५ या छटापत्रकातले क्रमांक कामाला येतात: ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ५३८ पोस्ट ऑफिस रेड, ६३१ लाइट ग्रे, ६३२ डार्क ॲडमिरल्टी ग्रे. ट्रॅक्टर कंपनीची छटा यातलीच असेल असं नाही, पण "थोडा गडद लाल" म्हणण्यापेक्षा "५३८ पेक्षा जरा नारिंगीकडे" म्हटलं की पेंटरला नेमकं समजतं.

चमकेबद्दल माझं मत ठाम आहे. आजकाल उभे केलेले ट्रॅक्टर आरशासारखे चकाकतात, आणि मला ते पाहवत नाही. जुना ट्रॅक्टर शेतात राबायला रंगवलेला असायचा, मोटारगाडीसारखा सात वेळा पॉलिश केलेला नाही. बोल्टच्या डोक्यांवर रंग असायचा, एखाद्या कोपऱ्यात ओघळही सापडतो. मूळ चमक किती होती हे बघायचं तर नावाच्या पाटीमागचा किंवा टूलबॉक्सच्या आतला भाग पुसून बघा आणि नवा रंग तेवढ्याच चमकेचा मागा. वरून क्लिअर कोट नको म्हणून पेंटरला आधीच सांगा, कारण तो प्रेमाने मारूनच देतो.

आम्ही गादीवाल्याला पट्टीचा तुकडा दिला. त्याने चार रोल दाखवले, चौथा जुळला. प्लायवूड तेच ठेवलं, आत काथ्याच भरून घेतला. जुन्या रेक्झिनची ती पट्टी, करड्या रंगाची वॉशरची चकती दाखवणारा फोटो आणि थरांची नोंद एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा टूलबॉक्समध्ये ठेवला आहे. करडी सीटही फेकली नाही. संकेश्वरकडच्या एका ओळखीच्या माणसाकडे करड्या सीटचा ट्रॅक्टर आहे आणि त्याची सीट गेली आहे. भोकं कानशीने लांबवण्याआधी जिथे होती त्या जागा मी खडूने आखून ठेवल्या आहेत. पुढच्या आठवड्यात तो मोजायला येतोय.